वरच्या वर्गाचे दार उघडणारे भाऊसाहेब : डॉ. पंजाबराव देशमुख



विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेसाठी आम्हास एका थोर पुरुषाचे चरित्र लिहायला सांगण्यात आले, तेव्हा आम्ही डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख यांचे नाव धरले. ते ऐकून वस्तीतल्या काही तरुण पोरांनी आम्हाला अडवून विचारले की, बावा, बुद्धविहाराच्या पुस्तकात भाऊसाहेब कशाला? ते काही बौद्ध नव्हते, त्यांनी दीक्षा घेतली नव्हती, ते तर काँग्रेसचे मंत्री होते. प्रश्न रास्त आहे आणि आम्हाला तो आवडला. बाबासाहेबांच्या लेकरांनी कोणाचेही मोठेपण डोळे झाकून मान्य करू नये, आधी हिशेब मागावा. म्हणून हा लेख म्हणजे एक हिशेबच आहे असे समजावे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. शाळेत नाव घालणे ही एक गोष्ट आहे आणि वरच्या वर्गापर्यंत पोचणे ही दुसरी गोष्ट आहे. गरिबाच्या पोराला पहिलीत घ्यायला फारसे कोणी नाही म्हणत नाही. मिडल, हायस्कूल, कॉलेज, सायन्स, वकिली, डॉक्टरकी असे जसजसे वर जावे तसतसे दार अरुंद होत जाते. त्या दाराला कधी जातीची कडी असते, कधी फीची, कधी राहण्याखाण्याची, तर कधी नुसत्या अंतराची. आपल्या वऱ्हाडात या कड्या एकेक करून काढण्याचे काम ज्यांनी जन्मभर केले, त्यांत भाऊसाहेबांचे नाव मोठे आहे.

पापळचे पोर आणि दूरदूरच्या शाळा

भाऊसाहेबांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी झाला. वडील शामराव, आई राधाबाई. घराणे कुणबी-मराठा शेतकऱ्याचे, मूळ आडनाव कदम. गावात शाळा होती, पण ती थोडक्या वर्गांची. त्या काळी शिक्षणाची रचना अशी होती की चौथीपर्यंत मराठी शाळा, त्यानंतर इंग्रजी मिडल, त्यानंतर हायस्कूल, आणि अकरावीच्या शेवटी मॅट्रिक. मराठी शाळा काही मोठ्या गावांत असे. मिडल तालुक्याच्या किंवा बाजारपेठेच्या गावाला. हायस्कूल पाहिजे तर अमरावती, अकोला यांसारख्या शहरात जावे लागे. कॉलेज तर १९२३ साली अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज निघेपर्यंत वऱ्हाडात नव्हतेच. ज्याला पुढे शिकायचे त्याने नागपूर गाठावे, नाहीतर पुणे-मुंबई.

आता या रचनेत पंजाबचे शिक्षण कसे झाले ते पाहा. सुरुवात पापळला. मग चांदूर रेल्वे. मग कारंजा लाड. मग अमरावतीचे हिंदू हायस्कूल, तिथून १९१८ साली मॅट्रिक. मग पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज. म्हणजे वरचा वर्ग लागला की गाव बदलायचे, बिऱ्हाड बदलायचे, नव्या ठिकाणी राहण्याची आणि भाकरीची सोय बघायची. शामरावांकडे शेती होती म्हणून हे जमले. ज्याच्याकडे शेती नाही, जो दुसऱ्याच्या वावरात राबतो, त्याच्या पोराने काय करावे? आणि ज्याला परगावात कोणी खोली देत नाही, ज्याच्या हातचे पाणी चालत नाही, त्या आपल्या महार-मांग-चांभाराच्या पोराने काय करावे? त्याचे शिक्षण गावच्या शाळेत संपले तेच संपले.

वऱ्हाडाला सोन्याची कुऱ्हाड म्हणत. कापसाचा पैसा अमरावती, अकोला, खामगावच्या बाजारात खेळत होता. शेतसारा भरणारा खेड्यात, वेचणी करणाऱ्या आमच्या आया-आज्या खेड्यात, आणि हायस्कूल मात्र शहरात. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे नेमके हेच दुखणे मांडले होते. सरकारी तिजोरी भरते ती शेतकऱ्याच्या घामातून आणि उच्च शिक्षणावर पैसा खर्च होतो तो वरच्या जातींच्या पोरांसाठी, हा जोतीरावांचा आक्षेप होता. पुढे सत्यशोधक चळवळीचे वारे वऱ्हाडातही आले. त्याच हवेत भाऊसाहेबांची पिढी वाढली.

संस्कृतची गोष्ट

इथे एक गोष्ट आपल्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत असताना बाबासाहेबांना संस्कृत घ्यायचे होते. अस्पृश्याच्या पोराला देववाणी शिकवणार नाही म्हणून शिक्षकाने नकार दिला, आणि बाबासाहेबांना पर्शियन घ्यावे लागले. शाळा सरकारी, फी भरलेली, हजेरीपटावर नाव, बुद्धी तर विचारूच नका. तरीसुद्धा एका विषयाचे दार बंद. पुढे बाबासाहेबांनी स्वतःच्या मेहनतीने संस्कृत आत्मसात केले आणि शास्त्रांची चिरफाड केली, हा इतिहास आपल्याला माहीत आहे.

भाऊसाहेबांना ही आडकाठी आली नाही. १९२० साली ते विलायतेला गेले. पोराच्या शिक्षणापायी शामरावांनी जमीन गहाण टाकली. एडिंबरोला त्यांनी संस्कृतमध्ये स्कॉलरशिप मिळवली, बॅरिस्टर झाले, आणि वैदिक वाङ्मयात धर्म कसा उगवला व वाढला या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टर झाले. हा प्रबंध १९३३ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने छापला. ज्या वेदांना शूद्राने कानही लावू नये असे सांगितले गेले, त्यांवर पापळच्या शेतकऱ्याच्या पोराने विलायतेत ग्रंथ लिहिला.

एकाच काळातली ही दोन माणसे. एकाला संस्कृतच्या वर्गातून बाहेर ठेवले, दुसऱ्याला त्याच संस्कृतने डॉक्टर केले. भाऊसाहेबांचे मोठेपण आम्हाला इथे दिसते की, आपल्याला दार उघडे मिळाले म्हणून ते आत जाऊन स्वस्थ बसले नाहीत. बॅरिस्टरकी करून बंगला बांधणे त्यांना सोपे होते.

हायस्कूल आणि बोर्डिंग

परत आल्याबरोबर, १९२६ साली, त्यांनी अमरावतीत बहुजनांच्या मुलांसाठी हायस्कूल सुरू करण्यात पुढाकार घेतला. मराठा हायस्कूल म्हणून निघालेली ही शाळा पुढे शिवाजी महाराजांच्या नावाने वाढली. इंग्रजी राज्यात हायस्कूल काढणे म्हणजे नुसत्या चार भिंती उभ्या करणे नव्हते. मान्यता आणा, पदवीधर मास्तर आणा, त्यांचे पगार भागवा, सरकारी ग्रँटसाठी खेटे घाला. आणि एवढे करून पोरे कोण? खेड्यातली. ती राहणार कुठे?

म्हणून हायस्कूलच्या पाठोपाठ बोर्डिंग निघाले. स्वामी श्रद्धानंदांचा डिसेंबर १९२६ मध्ये खून झाला होता, त्यांच्या स्मरणार्थ या बोर्डिंगला श्रद्धानंद छात्रालय असे नाव दिले. त्यात सर्व जातीची पोरे एकत्र राहत, एकत्र जेवत. आज हे वाचताना काही विशेष वाटणार नाही. पण ज्या काळात विहिरीवर आपल्या माणसाला पोहरा टाकू देत नव्हते, त्या काळी सवर्णांच्या आणि अस्पृश्यांच्या पोरांनी एका पंगतीत जेवायचे म्हणजे गावात खळबळ. अशा बोर्डिंगात पोरगा ठेवायला स्पृश्य आईबापही कचरत असत.

आम्ही बोर्डिंगवर एवढा जोर का देतो ते सांगतो. आपल्याकडे शिक्षणाचे खरे कुलूप राहण्याच्या जागेला होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी हे ओळखून १९०१ पासून निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे काढली. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सर्व जातीच्या पोरांचे बोर्डिंग सुरू केले. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा, ज्यांना स्वतःला अक्षर येत नव्हते, त्यांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. पोरगा हुशार आहे एवढ्याने भागत नाही, रात्री तो कुठे झोपतो आणि काय खातो त्यावर त्याचा निकाल लागतो, हे या सगळ्यांना कळले होते.

अंबादेवी आणि १९२७ साल

१९२७ साल आपल्या चळवळीत महाडच्या चवदार तळ्याचे साल म्हणून अमर आहे. त्याच वर्षी अमरावतीला अंबादेवीच्या मंदिर प्रवेशाचा प्रश्न उभा राहिला. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद भरली आणि तिचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांनी स्वीकारले. परिषद चालू असताना बाबासाहेबांचे थोरले बंधू बाळाराम यांच्या निधनाची वार्ता येऊन पोचली. मनावर दगड ठेवून त्यांनी परिषदेचे काम केले. मंदिराच्या पंचांना विचार करायला मुदत द्यावी म्हणून सत्याग्रह पुढे ढकलण्यात आला.

या लढ्यात सवर्ण समाजातून जे थोडे लोक उघडपणे आपल्या बाजूने उभे राहिले, त्यांत अठ्ठावीस वर्षांचे भाऊसाहेब पुढे होते. त्याच महिन्यात, २६ नोव्हेंबरला, त्यांनी विमलाबाई वैद्य यांच्याशी जातीबाहेर लग्न केले. बोलायचे एक आणि घरी करायचे दुसरे असा प्रकार त्यांच्याजवळ नव्हता. विमलाबाई पुढे स्वतः वकिलीपर्यंत शिकल्या आणि राज्यसभेत खासदार झाल्या. लग्नानंतर बाईचे शिक्षण थांबते हा रिवाज त्या घरात चालला नाही.

पुढे बाबासाहेबांनी मंदिर प्रवेशाची वाट सोडली. १९३५ साली येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १९५६ साली नागपूरला आपल्याला बुद्धाचा मार्ग दाखवला. भाऊसाहेब त्या वाटेवर आले नाहीत. त्यांनी हिंदू समाजातच राहून सुधारणा करायची ठरवली. हा फरक लपवण्यात अर्थ नाही. परंतु शाळेच्या प्रश्नावर दोघांची दिशा एकच होती.

सत्ता हाती आली तेव्हा

१९२८ साली भाऊसाहेब अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा धडाका लावला. १९२० सालच्या मध्यप्रांताच्या कायद्याने असे शिक्षण सुरू करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना दिला होता, पण अधिकार कागदावर असून चालत नाही, त्यासाठी कर बसवावा लागतो आणि कर बसवला की मतदार रागावतात. भाऊसाहेबांनी कर वाढवण्याची हिंमत केली.

१९३० साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात निवडून गेले आणि शिक्षण, शेती व सहकार खात्याचे मंत्री झाले. मंत्री असताना १९३२ साली त्यांनी हिंदू देवस्थान संपत्ती बिल आणले. देवळांच्या नावाने पडून असलेली दौलत लोकोपयोगी कामाला लागावी असा त्याचा हेतू. सनातनी मंडळींनी मोठा गहजब केला आणि ते बिल काही कायदा होऊ शकले नाही. पण प्रश्न कसा नेमका होता पाहा. गावात देवळाला पैसा आहे आणि हायस्कूलला नाही, असे का? हा प्रश्न आजही कुठल्याही गावच्या चावडीवर विचारून पाहावा. १९३३ साली त्यांनी मंत्रिपद सोडले.

शिवाजी शिक्षण संस्था आणि १९४६ साल

१९३२ च्या सुमारास श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन झाली. या संस्थेने शहराची वाट न पाहता तालुक्या-तालुक्यात, मोठ्या खेड्यांत हायस्कुले काढली. भाऊसाहेबांच्या लहानपणी हायस्कूलसाठी चार गावे फिरावी लागत. आता हायस्कूलच खेड्याकडे निघाले. अंतराची कडी अशी निघाली. सकाळी घरची भाकर खाऊन पोरगा वरच्या वर्गात जाऊ लागला, आणि जिला परगावी कोणी पाठवलीच नसती ती पोरगीही जाऊ लागली.

१९४६ साली संस्थेने अमरावतीत शिवाजी कॉलेज सुरू केले. हे साल आपल्यासाठी फार मोलाचे आहे. याच वर्षी जून महिन्यात मुंबईला बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. त्याच्या दोन वर्षे आधी, १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाची सरकारी शिष्यवृत्ती चालू झाली होती. १९५० साली औरंगाबादला मिलिंद कॉलेज आले. १९५४ साली शिवाजी संस्थेचे कॉलेज अकोल्याला निघाले. म्हणजे दहा वर्षांच्या आत शिष्यवृत्ती आली, कॉलेज आले आणि ते जवळ आले. आमच्या वडील पिढीतले जे मोजके लोक वऱ्हाडात बी.ए., बी.एस्सी. झाले, ते या सगळ्याच्या एकत्र येण्याने झाले. एकटी शिष्यवृत्ती असती आणि जवळ कॉलेज नसते तर ते झाले नसते. एकटे कॉलेज असते आणि शिष्यवृत्ती नसती तरीही झाले नसते.

घटना समितीत आणि दिल्लीत

भाऊसाहेब घटना समितीचे सभासद होते. तिथे बाबासाहेब मसुदा समितीचे अध्यक्ष. मागासलेल्या जातींना राज्यघटनेत संरक्षण मिळावे म्हणून भाऊसाहेब तिथे आग्रहाने बोलत राहिले. पुढे अखिल भारतीय पातळीवर मागासवर्गीयांच्या संघटनेचे काम त्यांनी केले.

घटना लागू झाल्यावर वर्षभरातच मोठा प्रसंग आला. मद्रास राज्यात मेडिकल आणि इंजिनिअरिंग कॉलेजच्या जागा जातवार वाटण्याचा सरकारी हुकूम होता. सुप्रीम कोर्टाने १९५१ साली तो रद्द ठरवला. वरच्या वर्गाचे दार पुन्हा बंद व्हायची वेळ आली. तेव्हा त्याच वर्षी पहिली घटना दुरुस्ती होऊन पंधराव्या कलमात चौथे पोटकलम घातले गेले, आणि मागासवर्गाच्या, अनुसूचित जाती-जमातींच्या शिक्षणासाठी खास तरतूद करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. त्या वेळी कायदामंत्री बाबासाहेब होते. आज आपले पोरगे मेडिकलला राखीव जागेवर जाते तेव्हा त्याच्या मागे हे पोटकलम उभे असते, हे प्रत्येक घरात सांगितले गेले पाहिजे.

१९५२, १९५७ आणि १९६२ अशा तिन्ही निवडणुकांत भाऊसाहेब लोकसभेवर निवडून आले. १९५२ ते १९६२ ते केंद्रात कृषी खात्याचे मंत्री होते. १९५५ साली त्यांनी भारत कृषक समाजाची स्थापना केली. दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरवले. ही कामे प्रसिद्ध आहेत, म्हणून त्यांचा विस्तार इथे करत नाही. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. चार वर्षांनी, २० ऑक्टोबर १९६९ रोजी, अकोल्याला त्यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ सुरू झाले. अमरावतीचे मेडिकल कॉलेजही १९८४ साली त्यांच्याच नावाने निघाले.

आमचा हिशेब

आता हिशेबाची दुसरी बाजू. भाऊसाहेबांच्या कामाने आपले सगळे प्रश्न सुटले असे आम्ही म्हणणार नाही. हायस्कूल खेड्यात आले तरी खेड्यातली जात काही शाळेच्या फाटकाबाहेर थांबली नाही. मास्तर कोण, कमिटीत कोण, बोर्डिंगचा स्वयंपाकी कोणाला किती वाढतो, इथपर्यंत ती पोचत होती. १९५६ साली आपण बुद्धाच्या धम्मात आलो तेव्हा केंद्राच्या सवलतींचे दार आपल्यासाठी बंद झाले. महाराष्ट्राने राज्यापुरत्या नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राचे दार उघडायला १९९० साल उजाडावे लागले. कितीतरी पोरांचे वरचे वर्ग त्या मधल्या काळात हुकले.

आमच्या पिढीपुरते सांगायचे तर, आम्ही सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो आणि आठवीला तालुक्याच्या एका शाळेत गेलो. तिथे तुकड्या पडल्या. अ तुकडीला संस्कृत, अ तुकडीला चांगले मास्तर, अ तुकडीला जादा तास. आमच्या वस्तीची आम्ही पाच पोरे होतो, मार्क बरे होते, पण पाचही जण शेवटच्या तुकडीत. कोणी शिवी दिली नाही, कोणी हाकलले नाही. नुसती यादी लागली आणि आमची नावे खाली आली. पाचांतला एकही बारावी सायन्सला गेला नाही. आम्ही स्वतः दहावीनंतर गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो आणि पुढचे जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर विहाराच्या कपाटातली पुस्तके घेऊन वाचले. एल्फिन्स्टनमध्ये तोंडावर नकार मिळत होता, आमच्या वेळी तो यादीतून मिळाला. हे दुखणे गाऱ्हाणे म्हणून सांगत नाही. दाराची कडी कशी रूप बदलते ते कळावे म्हणून सांगतो.

आज तिचे रूप आणखी बदलले आहे. अकोला शहर हे आता मेडिकल-इंजिनिअरिंगच्या क्लासेसचे गाव झाले आहे. बुलढाणा, वाशीमपासून पोरे तिथे येऊन राहतात. कॉलेजात नुसते नाव, खरा वर्ग क्लासमध्ये. मेडिकलचा प्रवेश नीट परीक्षेवर आणि नीटची तयारी क्लासच्या फीवर. राखीव जागा आहे, पण तिथपर्यंत जाणारा जिना भाड्याने मिळतो, अशी गत झाली आहे. क्लासची फी, खोलीचे भाडे, मेसचे पैसे, हे तिन्ही मिळून रोजंदारीच्या माणसाला जड जाते. भाऊसाहेबांच्या लहानपणी वरच्या वर्गासाठी जी पायपीट होती, तीच आता पैशाच्या रूपाने परत आली आहे.

सरकारने काही सोयी केल्या आहेत, त्या माहीत करून घ्याव्या. दहावीनंतर सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली ही दोन माणसे, आणि दोघांच्याही नावाने राहण्याखाण्याची योजना. हा योग आम्हाला फार बोलका वाटतो. पण योजना कागदावर असून उपयोग नाही. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते, ऑनलाइन अर्ज, यात एक तारीख चुकली की वर्ष गेले. शिकलेल्या घरातले बाप हे करतात. आपल्या वस्तीत रोजीवर जाणारी आई हे कधी करणार?

विहाराने काय करावे

म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही विहाराच्या कमिटीपुढे चार गोष्टी ठेवतो.

एक, दर मे-जून महिन्यात विहारात दाखल्यांचे आणि अर्जांचे काम चालावे. आपल्यातले जे कारकून, शिक्षक, कॉम्प्युटर जाणणारे आहेत त्यांनी रविवारचे दोन तास द्यावेत.

दोन, विहाराची वरची खोली संध्याकाळी अभ्यासिका म्हणून उघडी राहावी. लाइट आणि पंखा विहाराचा, शांतता वस्तीची. एका खोलीत सहा माणसांच्या घरात गणित सुटत नाही.

तीन, सातवी-आठवीतल्या आपल्या पोरापोरींची यादी करावी. कोण गणितात पुढे आहे, कोणाला सायन्सची गोडी आहे, हे दहावीनंतर विचारून फायदा नाही. शाळेत तुकडी पडण्याच्या आधी पालकांनी मिळून शाळेत जावे आणि यादी कशी लावता ते नम्रपणे पण ठामपणे विचारावे. एकटा बाप गेला तर त्याला बाकावर बसवून ठेवतात. दहा पालक गेले की हेडमास्तर खुर्ची मागवतात.

चार, मुलींच्या बाबतीत अंतर हीच मोठी कडी आहे हे मान्य करून, परगावी शिकणाऱ्या मुलीच्या राहण्याच्या सोयीला विहाराच्या फंडातून पहिला हक्क द्यावा. विमलाबाई लग्नानंतर शिकल्या, आपल्या पोरी लग्नाआधी शिकाव्या.

यावर कोणी म्हणेल की एवढे सगळे विहाराचे काम आहे काय? बुद्ध विहार ही पहिल्यापासून विद्येची जागा आहे. नालंदा हे मुळात विहारच होते. बाबासाहेबांनी आपल्या कॉलेजांना सिद्धार्थ आणि मिलिंद ही नावे उगाच दिली नाहीत. वंदना झाल्यावर विहाराला कुलूप लागत असेल तर ते कुलूप काढणे हेही धम्माचेच काम आहे.

भाऊसाहेबांना आपण देव करणार नाही. देव करण्याची खोड आपण १९५६ साली नागपुरात सोडून आलो. त्यांना आपण आपल्या लढ्यातला एक मोठा सोबती मानू. जमीन गहाण टाकून शिकलेला माणूस परत येऊन दुसऱ्यांसाठी हायस्कूल, बोर्डिंग आणि कॉलेज काढतो, हे आपल्या शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या, शहरात फ्लॅट घेतलेल्या भावांनीही जरा ध्यानात घ्यावे. वरच्या वर्गात आपण बसलो असू तर दार मागच्यासाठी उघडे ठेवावे. पुढच्या वर्धापन दिनाला आपल्या विहाराच्या अभ्यासिकेतले एक तरी पोरगे किंवा पोरगी बारावी सायन्सच्या वर्गात बसलेली असावी, एवढी मंगल कामना करून आम्ही हा लेख पुरा करतो.

जयभीम. नमो बुद्धाय.